हात ऐकू येतो का?

जुलैत नदीपात्रात पथकाचा सराव सुरू झाला की दरवर्षी हा प्रश्न येतोच. ढोलांच्या दोऱ्या आवळून होईपर्यंत आम्ही ताशेवाले मोकळे असतो. माझ्या कानात हेडफोन असतो, त्यात हेवी मेटल चालू असतं आणि नव्या मुलामुलींपैकी कुणीतरी विचारतं, "ताई, तुम्ही अजून मेटल ऐकता? ती सगळी माणसं म्हातारी झाली. जुनं भारी आहे, पण नवीन अल्बममध्ये आता काय राहिलंय?" तेवढ्यात शिट्टी होते आणि मी "खूप राहिलंय रे" एवढंच म्हणून ताशा गळ्यात अडकवते. तुम्ही विचारलंत म्हणून यंदा नीट बसून सांगते.

मी एकोणीस वर्षं ताशा वाजवतेय आणि मेटल त्याच्याही आधीपासून ऐकतेय. त्यामुळे कुठलाही अल्बम मी आधी ड्रम्सकडून ऐकते. आपल्याकडे दहा ताशांची तर्री एकदम चालू असली, तरी डोळे मिटून सांगता येतं की हा अमक्याचा हात. कुणाची काडी केसभर मागे राहते, कुणाचा डावा जड पडतो. मेटलच्या रेकॉर्डिंगमधून नेमकं हेच पुसलं जायला लागलं. प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर ओळीत बसवायचा, खऱ्या आवाजावर तयार सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला ठोका, चढवायचं. मग डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला बेस ड्रम, कितीही जोरात चालू दे, शेजारी कुणी शिलाई मशीन चालवतंय असं वाटतं. यात पॉवर मेटलचं, म्हणजे मेटलच्या वेगवान, सुरेल प्रकाराचं, सगळ्यात जास्त नुकसान झालं, कारण त्याचा जीवच वेगात आहे आणि माणसाच्या हातांनी गाठलेला वेगच अंगावर काटा आणतो.

म्हणून माझ्या यादीत पहिला हॅलोविन, हॅम्बर्गचा बँड. १९८७ आणि १९८८ मध्ये त्यांच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चे दोन भाग आले आणि पुढच्या सगळ्या पॉवर मेटलला वाट मिळाली. तेव्हा ड्रम्सवर इंगो श्विश्टेनबर्ग होता. १९९५ मध्ये तो गेला, वयाची तिशीही पूर्ण झाली नव्हती. पुढे मिखाएल किस्के आणि काई हॅन्सन हे जुने गायक बँडमध्ये परतले. सातजणांच्या त्या बँडने २०२१ मध्ये नुसत्या 'हॅलोविन' नावाचा अल्बम काढला आणि त्यात आताचा ड्रमर डॅनी लोएबलने इंगोचाच जुना ड्रमसेट वाजवला.

हे वाचलं त्या दिवशी मी 'स्कायफॉल' हे बारा मिनिटांचं गाणं तीनदा ऐकलं. माझ्या ताशाचं भांडं माझं नाही. ज्या काकांनी मला काडी धरायला शिकवलं, त्यांचं आहे. ते गेल्यावर काकूंनी घरी बोलावून माझ्या हातात दिलं. तांब्याचं, एका बाजूला अंगठ्याएवढा पोचा आलेलं. तेव्हापासून पान तीनदा बदललं, पट्टा बदलला. पहिल्या दिवशी मला वाजवताच येईना. हात माझे होते आणि आवाज त्यांचा निघत होता. डॅनीला स्टुडिओत काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण त्या अल्बममध्ये ड्रम्सना जी ऊब आहे, ती मला ओळखीची वाटते.

त्यांचा पुढचा अल्बम, 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स', २९ ऑगस्ट २०२५ ला आला. म्हणजे गणपतीचा तिसरा दिवस. वादन संपवून घरी आले, बोटांवरच्या पट्ट्या सोडवल्या आणि अंधारात ऐकत बसले. तो आधीच्या अल्बमइतका भरलेला नाही. 'धिस इज टोकियो' मला हलकं वाटलं. पण 'युनिव्हर्स' आणि शेवटचं 'मॅजेस्टिक' या दोन गाण्यांसाठी तो घ्याच.

ब्लाइंड गार्डियनबद्दल थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये त्यांनी सगळा भार ऑर्केस्ट्रावर टाकलेला अल्बम केला, तो मला कधीच लागला नाही. २०२२ च्या 'द गॉड मशीन'मध्ये गिटार परत पुढे आली, गाणी आटोपशीर झाली, आणि कितीतरी वर्षांनी हा बँड भुकेला वाटला. सोनाटा आर्क्टिकाही २०२४ च्या 'क्लिअर कोल्ड बियाँड'मध्ये आपल्या जुन्या वेगाकडे वळला, त्याचा आनंद आहे. पॉवरवुल्फ तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडतो हे मला माहीत आहे. 'वेक अप द विकेड' मी दोनदा ऐकला. पुढचा ठोका कुठे पडणार हे दर वेळी आधीच कळतं, म्हणून तिसऱ्यांदा लावला नाही. मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' ७७ मिनिटांचा आहे. त्यातली वीस मिनिटं काढली असती तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

आता म्हातारपणाबद्दल. जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता. गिटारवादक ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे, तो पूर्ण दौरे करू शकत नाही, तरी गाणी रचण्यात त्याचा हात आहे. 'पॅनिक अटॅक'मध्ये हॅलफर्डचा आवाज वर चढतो तेव्हा सगळे थक्क होतात, मीही झाले. पण मी परत परत जाते ते 'क्राउन ऑफ हॉर्न्स'कडे. तिथे तो ओरडत नाही, स्वर धरून ठेवतो. १९९० मध्ये 'पेनकिलर' गाण्याची ती ड्रम्सची सुरुवात वाजवणारा स्कॉट ट्रॅव्हिसच मागे आहे, आणि त्या गाण्यात तो जागा सोडून वाजवतो. जागा सोडायला किती वर्षं लागतात, हे ताशा हातात घेतलेल्या कुणालाही विचारा.

आणि आयर्न मेडन. २०२१ चा 'सेनजुत्सू' ८२ मिनिटांचा आहे. 'द पार्चमेंट' रेंगाळतं, हे मी मेडनवर कितीही प्रेम असलं तरी म्हणणार. 'हेल ऑन अर्थ' मात्र त्यांच्या कुठल्याही जुन्या गाण्याच्या शेजारी ठेवा. त्यांचा ड्रमर निको मॅकब्रेन जवळजवळ कायम बेस ड्रम एकाच पेडलवर, एका पायाने वाजवत आला. जानेवारी २०२३ मध्ये त्याला स्ट्रोक आला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो परत स्टेजवर होता. काही जलद जागा हाताला जमेनात, त्या त्याने साध्या करून वाजवल्या आणि लोकांना तसं उघड सांगितलं. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम करून तो दौऱ्यांमधून थांबला.

'सेनजुत्सू' त्या आजारपणाच्या आधी रेकॉर्ड झालेला. अल्बम उघडतो तोच ड्रम्सच्या जड, सावकाश ठोक्यांनी. गिटार नंतर येते. ढोलवाल्यांनी तर ते ऐकायलाच हवं.

रविवारी सरावाला अर्धा तास लवकर या. स्पीकर मी आणते, आपण त्या ठोक्यांपासून सुरुवात करू.