अखेर इन्स्टॉलरला डिस्क दिसली: विंडोज आणि डेबियन, तिसरी नोंद

एकाच संगणकावर विंडोज आणि डेबियन ही लिनक्स प्रणाली शेजारीशेजारी बसवतो आहे; मागच्या नोंदीत विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) लहान करून १२० जीबी जागा मोकळी केल्याचे लिहिले होते. डेबियनच्या इन्स्टॉलरला मात्र ती जागाच काय, ५१२ जीबीची आख्खी एनव्हीएमई डिस्कच (वेगवान एसएसडी) दिसत नव्हती. रविवारी रात्री ती दिसली, म्हणून ही नोंद लगेच लिहीत आहे.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात डिस्क सदोष असल्याचे सांगून नवी घेण्याचा सल्ला मिळाला होता. विंडोज त्याच डिस्कवरून रोज विनातक्रार सुरू होत असल्याने ते निदान मला पटले नाही. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवर संशय होता, म्हणून तो तयार करायला रूफस सोडून व्हेंटॉय हे साधन वापरले. इन्स्टॉलरची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून काम भागते, ही सोय मला फार आवडली, पण डिस्क काही दिसेना. शेवटी लाइव्ह सत्रात (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये) कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी ओळीओळीने वाचल्या, तेव्हा एका ओळीत स्पष्ट लिहिलेले सापडले की एक एनव्हीएमई डिस्क रिमॅप झालेली (दुसऱ्या कंट्रोलरमागे वळवलेली) असून ती वापरण्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड रेडऐवजी एएचसीआय निवडावा. इंटेलच्या आरएसटी या डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थेने डिस्क आपल्या कंट्रोलरमागे दडवली होती आणि या मोडमध्ये लिनक्सला तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

मोड थेट बदलल्यास विंडोज निळ्या पडद्यावर अडकते, म्हणून आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट निवडले, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) तात्पुरते स्थगित केले, बायोसमध्ये एएचसीआय लावले आणि विंडोज सेफ मोडमध्ये नीट सुरू झाले. सेफ बूटची खूण काढून पुन्हा सुरू करताच मात्र बिटलॉकरने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. साधी स्थगिती एकाच रीस्टार्टपुरती टिकते, हे मी लक्षात घेतले नव्हते. की वहीत लिहून ठेवली होती; आठ गटांतले सहा-सहा अंक बोट ठेवून भरले आणि विंडोज उघडले. ही की कागदावर उतरवल्याशिवाय कोणीही बायोसला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर डेबियन अर्ध्या तासात बसले. सुरुवातीला प्रणाली निवडायला देणाऱ्या ग्रबच्या काळ्या पडद्यावर दोन्ही प्रणालींची नावे एकाखाली एक पाहिल्यावर मी दोन्हींत आळीपाळीने चार वेळा शिरून आलो.

आता घड्याळाचा प्रश्न उरला आहे. डेबियन मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, त्यामुळे रात्री साडेदहाला विंडोजमध्ये संध्याकाळचे पाच वाजलेले दिसतात. डेबियनलाच स्थानिक वेळ पाळायला लावण्याचा माझा विचार होता. परंतु हे लिहिता लिहिता वाटते आहे की पुढे तिसरी प्रणाली बसवायची झाल्यास पुन्हा हाच घोळ होईल. त्यापेक्षा विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) बदल करून त्यालाच यूटीसी वाचायला लावणे बरे. दोन्ही प्रणालींना वापरता येईल अशा सामायिक पार्टिशनचे काम त्यामुळे पुढे ढकलतो. विंडोजचे फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) मात्र आजच बंद केले आहे, कारण ते चालू असताना डेबियनमधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिणे धोक्याचे आहे.