मराठीत समजावून सांगितले

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी पक्षकाराला बोलावून घेते. उद्या कुठे उभं राहायचं, साहेबांनी काही विचारलं तर कसं बोलायचं, एवढं सांगायला अर्धा तास पुरतो. त्या जुलैच्या संध्याकाळी मात्र गिरगावातल्या माझ्या ऑफिसात आम्ही रात्री साडेदहापर्यंत बसून होतो.

पक्षकार सातारा जिल्ह्यातला. बारावीनंतर भरती झालेला शिपाई. १३ वर्षं ७ महिने नोकरी झाली आणि त्याला घरी पाठवलं. सोबत आलेला चुलता आयुष्यभर मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून राबलेला. पुतण्या त्याच्याच कोपरखैरण्याच्या खोलीत राहत होता आणि एका इमारतीवर बारा तासांची गार्डची ड्युटी करत होता.

ज्यांच्या घरात कुणी फौजेत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जवानाला झालेल्या मोठ्या शिक्षेची नोंद त्याच्या कागदांवर लाल शाईने होते. अशा चार नोंदी झाल्या, की 'हा माणूस नको' असा प्रस्ताव वर जाऊ शकतो. १९५४ च्या आर्मी रूल्समधल्या नियम १३ खाली त्याला डिस्चार्ज देता येतो. डिसमिस म्हणजे बडतर्फी, ती वेगळी आणि जास्त कडक. डिस्चार्जमध्ये फंडाचे पैसे मिळतात, ग्रॅच्युइटी मिळते. पण जवानाला पेन्शन लागायला १५ वर्षं पुरी व्हावी लागतात. याला १७ महिने कमी पडले होते.

चार नोंदींतल्या पहिल्या दोन रजा संपल्यावर उशिरा हजर झाल्याच्या. तिसरी, दारू पिऊन नायक हुद्द्याच्या एका जवानाच्या अंगावर गेल्याची. चौथी, ट्रंकेत गोळ्यांची पाकिटं सापडल्याची. पलटणीचं म्हणणं, हा गोळ्या खाऊन नशेत असतो.

डिस्चार्जविरुद्ध मी न्यायाधिकरणात अर्ज लिहिला तेव्हा मला ही चौथी नोंद फार कच्ची वाटली होती. लघवीची तपासणी नाही, गोळ्या तपासायला पाठवल्याचा कागद नाही, साक्षीदार एकच. म्हणून अर्जातला पहिला मुद्दा मी तोच घेतला होता: अर्जदाराने कधीही कोणत्याही अमली पदार्थाचं सेवन केलेलं नाही, आरोप खोटा आहे. पलटणीकडून उत्तर आलं, त्याला आम्ही प्रत्युत्तर दिलं. तेही त्याच सुरात.

त्या संध्याकाळी मी त्याला अर्जाचा एकेक परिच्छेद मराठीत सांगत होते. सातव्या परिच्छेदाला तो म्हणाला, "मॅडम, थांबा. हे असं नाही."

चुलत्याने त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. तो हात त्याने हळूच बाजूला केला.

"मी घेत होतो."

मग तो बोलत राहिला. वर, १७ हजार फुटांवरच्या पोस्टवर असताना बर्फावरून घसरून पाठीवर पडला होता. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, औषध मिळालं, आठवडाभर हलकी ड्युटी मिळाली. दुखणं राहिलं. रजेवर आल्यावर तालुक्याच्या मेडिकलमधून ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या घेतल्या, चिठ्ठी कुणी मागितली नाही. परत जाताना दहा पाकिटं नेली. पुढे २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, दुकानदार हात वर करायला लागले, तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरकडून तिप्पट पैशांनी घ्यायला लागला. दुसऱ्यांदा रजेवरून ११ दिवस उशीर झाला तो वडिलांच्या आजारपणामुळे, असं मी अर्जात लिहिलं होतं. वडील आजारी होते हे खरंच होतं. पण ते ११ दिवस तो गोठ्याशेजारच्या खोलीत घाम आणि अंगदुखीने तळमळत पडला होता. गोळ्या संपल्या होत्या आणि नव्या मिळत नव्हत्या.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

उत्तर चुलत्याने दिलं. "मीच गप बस म्हणलो होतो, वकीलबाई. म्हणलं, कबूल केलं तर सगळंच गेलं. अन् त्याला मुक्तांगणला ठेवला होता, तेबी बोलू नको म्हणलो."

पुण्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं व्यसनमुक्ती केंद्र मराठी घरांना वेगळं सांगायला नको. माझा पक्षकार तिथे उपचार घेऊन बाहेर पडला होता, त्यानंतर एकही गोळी घेतली नव्हती, त्याचे कागद चुलत्याच्या ट्रंकेत होते, आणि माझ्या अर्जात त्याचा एक शब्दही नव्हता. तो येणार तरी कसा? ज्याने कधी नशा केलीच नाही तो उपचार कशाला घेईल?

मी अर्जाचं शेवटचं पान उलटलं. प्रतिज्ञापत्राखाली त्याची सही होती, मराठीत, शाळेतल्यासारखी गोल अक्षरं. सहीच्या वर आमच्या नेहमीच्या नमुन्यातली ओळ होती: वरील मजकूर अर्जदारास मराठीत समजावून सांगितला व त्याने तो बरोबर असल्याचे मान्य केले.

मला तो दिवस आठवला. मी हायकोर्टात अडकले होते. चुलत्याने सगळी हकिकत सांगितली, ज्युनियरने टिपून घेतली, मी रात्री इंग्रजीत मसुदा केला आणि दुसऱ्या दिवशी ज्युनियरने सह्या घेतल्या. मराठीत कुणीही काहीही समजावलं नव्हतं. आणि त्याच अर्जात माझा चौथा मुद्दा असा होता, की पलटणीने इंग्रजीत टाइप केलेल्या जबाबावर या माणसाची सही घेतली आणि त्यात काय आहे ते त्याला सांगितलं नाही.

ती ओळ मी कितीतरी वेळ वाचत राहिले.

मी माझ्या सिनियरना फोन केला. ते म्हणाले, पहिला मुद्दा सोडलास तर हातात राहतं काय? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण माझ्या तोंडावर माणूस खरं बोलून गेल्यावर उद्या उभं राहून तो मुद्दा मांडणं मला शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की हा मुद्दा मुळातच आमचा नव्हता. आमची केस वेगळ्याच कागदावर उभी होती.

तो कागद म्हणजे लष्कर मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र. नालायक किंवा नकोशा ठरलेल्या जवानांना काढायचं कसं, याची रीत त्यात आहे. आधी निःपक्ष चौकशी, जवानाला आपली बाजू आणि पुरावा मांडायची संधी, मग कारणे दाखवा नोटीस. त्यात एक टीपही आहे, जी मला त्या पत्राचा जीव वाटते. चार लाल नोंदी झाल्या म्हणून काढलंच पाहिजे असं नाही. प्रत्येक नोंद कशापायी झाली ते कमांडिंग ऑफिसरने पाहावं, पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर होऊ नये, त्याची नोकरी किती झाली, कसल्या खडतर ठिकाणी झाली याचा विचार व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात याच पत्रावर बोट ठेवलं. चौकशी न करता नुसत्या चार नोंदी मोजून दिलेला डिस्चार्ज रद्द केला आणि पेन्शनला लागेल तितकी नोकरी झाली असं धरायला सांगितलं. म्हणजे आमचा प्रश्न 'याने गोळ्या घेतल्या का' हा नव्हताच. घेतल्या होत्या. याला फौजेबाहेर काढण्याआधी त्याची १३ वर्षं कुणी वाचली का, एवढाच प्रश्न होता.

मी त्याला लेजर पेपर, कोर्टाच्या कामाला वापरतात तो जाड कागद, दिला. म्हटलं, जे आत्ता सांगितलंत ते तुमच्या हाताने मराठीत लिहा. तो दीड तास लिहीत होता. चुलता बाहेर जिन्यात बसून राहिला. पाऊस एवढा होता की खाली रस्त्यावरचा आवाजही वर येत नव्हता. मी रात्रीतून इंग्रजी भाषांतर केलं आणि या वेळी प्रत्येक वाक्य त्याला परत मराठीत वाचून दाखवलं. त्याच्या लिखाणातली तीन वाक्यं मला पाठ झाली आहेत. 'सुरुवात पाठीसाठी झाली. नंतर पाठ दुखत नव्हती तरी घेत होतो. ड्युटीवर पण घेतली आहे.'

शेवटचं वाक्य भाषांतरात गाळून टाकावं असा मोह मला झाला. पहाऱ्यावरच्या माणसाच्या हातात भरलेली रायफल असते आणि मागे झोपलेल्या साथीदारांचा जीव त्याच्या जागेपणावर असतो. फौज या बाबतीत कडक आहे ते बरोबरच आहे, असं मी मानते. माझे वडील हवालदार होते, पेन्शनीवर आमचं घर चाललं, माझं शिक्षणही. त्यांनी हे वाक्य वाचलं असतं तर पुढचं वाचलंच नसतं. तरीही ते वाक्य तसंच ठेवलं.

सकाळी नोटरीकडून कागद पुरे करून आम्ही ग्रँट रोडहून टॅक्सीने मलबार हिल चढलो. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ तिथे, टेलिफोनच्या इमारतीत. २००७ च्या कायद्याने झालेलं हे न्यायाधिकरण. एक न्यायिक सदस्य आणि एक सैन्यदलातून निवृत्त झालेले वरिष्ठ अधिकारी, असे दोघे शेजारी बसतात. मला ही रचना आवडते, कारण बर्फातली पोस्ट म्हणजे काय हे निदान एकाला सांगावं लागत नाही.

आमचा पुकारा झाला. मी उठून म्हटलं, की अर्जाचा सातवा परिच्छेद आणि त्यावर आधारलेला पहिला मुद्दा मी मागे घेते, आणि हे पुरवणी प्रतिज्ञापत्र दाखल करून घ्यावं.

सरकारी वकील लगेच उभे राहिले. इतक्या वर्षांनी हकिकत बदलता येते का? शिवाय २०१९ मध्ये सतगुर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सवयीने शिस्त मोडणाऱ्याचा डिस्चार्ज कायम ठेवलाय, आणि इथे तर आता कबुलीच आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

न्यायिक सदस्यांनी जुनं प्रतिज्ञापत्र उघडलं. मला विचारलं, "खाली लिहिलंय की मजकूर मराठीत समजावून सांगितला. सांगितला होता?"

"नाही, सर. ती चूक माझी आहे. अर्जदाराची नाही."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पुढे जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते मला लागू होतं.

तेवढ्यात दुसऱ्या सदस्यांनी पलटणीची मूळ फाइल मागून घेतली. चौकशी कुठे आहे, असं विचारलं. सरकारी वकिलांनी दोन पानं दाखवली. एकावर चौकशी अधिकाऱ्याचं अर्ध्या पानाचं मत, दुसऱ्यावर जवानाचा इंग्रजीत टाइप केलेला जबाब. खाली तीच गोल अक्षरांतली मराठी सही. सहीच्या वर एक ओळ: जबाब त्याला समजणाऱ्या भाषेत समजावण्यात आला.

साहेबांनी ते पान आणि माझं जुनं प्रतिज्ञापत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. काही बोलले नाहीत. मग माझ्या पक्षकाराला पुढे बोलावून हिंदीत विचारलं, गोळ्या घेत होतास?

"जी सर."

आता?

"दोन साल ग्यारह महिने हो गए, सर. एक भी नहीं."

कुठे कुठे होतास, असं त्यांनी विचारलं. तो सावधान उभा राहून एकेक जागा सांगत गेला. काश्मीर, मग ईशान्येकडे, मग ती वरची पोस्ट, मग पुन्हा काश्मीर. शांत जागी पोस्टिंग १३ वर्षांत एकदाच. साहेब फाइल चाळत प्रत्येक ठिकाण तपासत होते. शेवटी त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, की यातलं काहीही त्या अर्ध्या पानाच्या मतात आहे का? पाठीच्या दुखापतीचा कागद याच फाइलमध्ये लागलाय, तो कुणी पाहिला?

मग त्यांनी १९८८ च्या पत्रातली ती टीप मोठ्याने वाचून दाखवली. मी तयार केलेला युक्तिवाद चाळीस मिनिटांचा होता. त्यानंतर मला दहा मिनिटंही बोलावं लागलं नाही.

निकाल राखून ठेवला. बाहेर पाऊस उघडला होता. आम्ही चालत कमला नेहरू पार्कपर्यंत गेलो, म्हातारीच्या बुटाजवळच्या ओल्या बाकावर चुलत्याने प्लास्टिक पसरलं आणि डबा उघडला. भाकरी, सुकट आणि ठेचा. शाळेची पोरं बुटात चढून ओरडत होती. पक्षकार जेवता जेवता म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माझ्यामुळं बोलणी खावी लागली." मी मान हलवली. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

निकाल काही आठवड्यांनी आला. पेन्शनला लागणारी नोकरी पुरी होईपर्यंत तो सेवेत होता असं धरावं, मधल्या काळाचा पगार नाही. चारही लाल नोंदी तशाच राहिल्या. ड्युटीवरच्या नशेचं कुठलंही समर्थन होऊ शकत नाही, असाही एक परिच्छेद त्यात आहे.

प्रमाणित प्रत घ्यायला तो एकटाच ऑफिसात आला. मी त्याला रक्कम, तारखा, पुढचे कागद सांगायला लागले तर म्हणाला, "आधी सगळा वाचून दाखवा. मराठीत."

एकोणीस पानं होती. मी दार लावून घेतलं आणि वाचायला बसले. बाराव्या पानावर खंडपीठाने त्याचं लिखाण उतरवून घेतलं होतं. तिथे माझा आवाज आपोआप खाली गेला, एक ओळ मी जरा भरभर ओढली.

"सावकाश वाचा, मॅडम," तो म्हणाला. "ते मी लिहिलंय."