केंब्रिजचं नाटक ते सिनेमाचा सेट: मधली दहा वर्षं

टॉम हिडलस्टन या ब्रिटिश नटावरचा कुठलाही लेख काढा. केंब्रिजला शिकत असताना एका एजंटनं त्याला नाटकात पाहिलं, हे पहिल्या परिच्छेदात असतं. दुसऱ्या परिच्छेदात तो 'थॉर' या सिनेमातला लोकी झालेला असतो. मधली दहा वर्षं गाळलेली असतात, आणि नट व्हायचं असलेल्या माणसाला उपयोगी पडेल असं जे काही आहे ते सगळं त्या गाळलेल्या भागात आहे.

म्हणून आधी ती वर्षं क्रमानं. केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात तो अभिजात भाषा शिकत होता. दुसऱ्याच सत्रात टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'च्या विद्यार्थी प्रयोगात लॉरेन हॅमिल्टन या एजंटनं त्याला पाहिलं. 2001 मध्ये टीव्हीवरच्या 'निकोलस निकलबी'त लहानसं काम मिळालं, 2002 च्या 'द गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये चर्चिलच्या मुलाचं. हातात एजंट, गाठीशी टीव्हीची कामं आणि वर पहिल्या वर्गाची पदवी. तरीही तो पुढे राडा या लंडनच्या नाट्यशाळेत गेला आणि 2005 मध्ये तिथून बाहेर पडला. मग चीक बाय जाऊल या फिरत्या नाटक कंपनीत 'द चेंजलिंग' आणि 'सिंबेलीन'. दुसऱ्या नाटकात पोस्थ्युमस आणि क्लोटन या दोन्ही भूमिका त्यानंच केल्या आणि 2008 मध्ये लंडनच्या रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार नवोदित म्हणून मिळवला. त्याच हंगामात डॉनमार वेअरहाऊस या लंडनच्या नाट्यगृहाच्या 'ऑथेल्लो'त तो कॅसिओ होता. 2008 मध्येच 'इव्हानॉव्ह' या नाटकात नट-दिग्दर्शक केनेथ ब्रॅनासमोर उभा राहिला, त्याच वर्षी ब्रॅनाच्याच 'वॉलँडर' मालिकेत दिसला. आणि 2011 च्या 'थॉर'चा दिग्दर्शक कोण, तर ब्रॅना. हिडलस्टननं चाचणी दिली होती ती थॉरच्या भूमिकेसाठी, मिळाला लोकी.

या यादीत नशिबाचा भाग आहेच, पण वीण फार स्पष्ट आहे. प्रत्येक काम आधीच्या कामात कुणीतरी पाहिल्यामुळे मिळालेलं आहे. विद्यार्थी रंगभूमीनं त्याला सिनेमा दिला नाही, पहिला पाहणारा दिला. पुढचे पाहणारे व्यावसायिक रंगभूमीनं दिले.

आता तो पहिला पाहणारा नेमका कसा येतो ते बघू.

केंब्रिजला एडीसी नावाचं 228 आसनांचं नाट्यगृह आहे. ज्या क्लबवरून त्याचं नाव पडलं तो 1855 चा. सत्र असतं 8 आठवड्यांचं, आणि त्या काळात इथे जवळपास दर आठवड्याला नवं नाटक लागतं, मंगळवार ते शनिवार. रात्री उशिरा त्याच रंगमंचावर दुसरा, छोटा प्रयोग. शिवाय कॉर्पस प्लेरूम नावाची ऐंशीएक आसनांची खोली आहे, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची. तिथे प्रेक्षक दोन बाजूंना बसतात, त्यामुळे एका बाजूला तोंड करून भाषण ठोकणाऱ्याची पाठच निम्म्या लोकांना दिसते. ऑक्सफर्डला 1885 पासूनची विद्यार्थी नाट्यसंस्था आहे आणि बर्टन टेलर स्टुडिओ हे अगदी लहान, पन्नासेक आसनांचं घर. डरम, ब्रिस्टल, एडिंबरा इथेही विद्यार्थी रंगभूमी जोरात चालते.

पद्धत साधारण अशी. दिग्दर्शक होऊ पाहणारा विद्यार्थी समितीकडे प्रस्ताव देतो: नाटक कोणतं, का, खर्च किती, नेपथ्य काय. मंजुरी मिळाली की ऑडिशन जाहीर होतात. केंब्रिजमध्ये त्या कॅमड्रॅम या संकेतस्थळावर लागतात आणि कुणीही जाऊ शकतं, तुम्ही भौतिकशास्त्र शिकत असलात तरी. तालमीला चार-पाच आठवडे मिळतात, त्याही व्याख्यानं आणि निबंध सांभाळून. शनिवारी रात्री आधीच्या नाटकाचा सेट उतरतो, रविवारी नवा चढतो, सोमवारी प्रकाश आणि ध्वनीची तालीम, मंगळवारी रंगीत तालीम आणि संध्याकाळी पडदा.

आपल्याकडे पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक चालतो. तिथे महिनोन् महिने एका एकांकिकेवर घासून, एका प्रयोगात परीक्षकांपुढे सगळं पणाला लागतं. इंग्लंडच्या या घरांत स्पर्धा नाही, रतीब आहे. तीन वर्षांत एखादा उत्साही विद्यार्थी डझनावारी नाटकं करून बसतो, त्यातली निम्मी सुमार. पण नट म्हणून त्याला एक गोष्ट अंगवळणी पडते: मंगळवारी पडलेला विनोद बुधवारी कसा उचलायचा. पाच प्रयोग सलग असल्याशिवाय हे शिकता येत नाही. माझ्या मते या रंगभूमीची खरी शिकवण एवढीच, बाकी अभिनयाचं तंत्र तिथे कुणी शिकवत नाही. दिग्दर्शकही विशीतलेच.

एजंट आपोआप येत नाही, त्याला बोलवावं लागतं. प्रयोगाच्या तीनचार आठवडे आधी छोटं ईमेल पाठवायचं: नाटक, भूमिका, तारखा, प्रयोगाची लांबी, एक फोटो, आणि तुमच्या नावानं दोन पास राखून ठेवलेत हे वाक्य. लंडनहून केंब्रिजला जलद गाडीनं पाऊणएक तास लागतो, तेव्हा परतीची गाडी कितीची तेही लिहिलेलं बरं. एका आठवड्यानं एकदाच आठवण करायची. प्रयोगानंतर विंगेत गाठून "कसं वाटलं?" विचारायचं नाही, दोन दिवसांनी आभार मानायचे.

इथे चुका ठरलेल्या आहेत. एकच मजकूर पन्नास एजंटांना पाठवला जातो. ज्या एजंटकडे आधीच त्याच वयाचे, त्याच चेहरेपट्टीचे दोन नट आहेत तो तिसरा घेणार नाही, म्हणून आधी त्याची नटांची यादी वाचायला हवी. दुसरी चूक भूमिका निवडण्यातली. बावीस वर्षांच्या मुलानं म्हातारा किंग लिअर केला तर वर्गमित्र टाळ्या वाजवतील, पण एजंट विचार करतो की उद्या याला कुठल्या कामासाठी पाठवू? विशीतल्या पोराची, चार चांगले प्रवेश असलेली भूमिका त्याच्या जास्त उपयोगाची. तिसरी चूक म्हणजे शेवटच्या शनिवारचं आमंत्रण. तो प्रयोग बहुतेकदा सगळ्यात सैल असतो, कारण सभागृहात मित्र भरलेले असतात आणि नट त्यांच्यासाठी खेळत असतात.

विद्यापीठाबाहेरही पाहणारे भेटतात. 1956 पासूनचा राष्ट्रीय विद्यार्थी नाट्यमहोत्सव आहे. त्याच साली सुरू झालेलं नॅशनल यूथ थिएटर आहे, जिथल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोझमंड पाइकला एजंट मिळाला. नंतर ती ऑक्सफर्डला शिकली आणि 2002 मध्ये थेट बाँडपटात दिसली. ऑगस्टमधला एडिंबरा फ्रिंज हा महोत्सव तर सगळ्यांनाच ठाऊक असतो. फ्रिंजचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. जागा तासाच्या हिशेबानं मिळते आणि त्यातच सेट लावणं-काढणं येतं, म्हणजे नाटक 50 ते 55 मिनिटांत संपायलाच हवं. लांबलं तर दिवे लावून बाहेर काढतात. तीन आठवड्यांत नाट्यगृहाच्या भाड्याइतकाच, कधी जास्तच, खर्च राहण्यावर होतो.

एजंट मिळाला, पुढे काय? व्यवहार साधा आहे. तो मिळालेल्या कामावर टक्केवारी घेतो, साधारण 10 ते 15, जाहिरातीला 20 पर्यंत, वर त्या दलालीवरचा व्हॅट. नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी असे आधी पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी. मग स्पॉटलाइट. 1927 मध्ये नटांच्या फोटोंचं पुस्तक म्हणून सुरू झालेली ही सूची आता ऑनलाइन आहे, आणि कास्टिंग डायरेक्टर, म्हणजे भूमिकांसाठी नट शोधणारे, कामांची माहिती तिथेच टाकतात. तिथे नाव घालायला मान्यताप्राप्त प्रशिक्षण किंवा व्यावसायिक काम लागतं. विद्यार्थी नाटकं त्यात धरत नाहीत, आणि डझनभर मुख्य भूमिका करून आलेल्या मुलांना पहिला धक्का इथेच बसतो.

पदवीनंतर पुन्हा नाट्यशाळेत का जायचं, याचं अर्धं उत्तर हे आहे. उरलेलं अर्धं आवाज आणि शरीराचं: आठवड्याला आठ प्रयोग गळा न बसता करणं शिकावं लागतं. अडचण पैशांची. इंग्लंडमध्ये एक पदवी झाली की दुसऱ्या पदवीला सरकारी शैक्षणिक कर्ज सहसा मिळत नाही. मास्टर्सचं कर्ज मिळतं, 12,000 पौंडांच्या आसपास, आणि लंडनमधल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची फी भरून त्यातलं भाड्याला काही उरत नाही. हिडलस्टन आणि त्याच्यासारखाच केंब्रिजहून सिनेमात गेलेला नट एडी रेडमेन, दोघेही ईटन या महागड्या खासगी शाळेतले, हा योगायोग समजू नये. ब्रिटनमध्ये जेमतेम 7 टक्के मुलं खासगी शाळांत जातात. पडद्यावरचं त्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी मोठं आहे, कारण काम नसलेली दोनतीन वर्षं कुणाच्या घरी राहून काढायची हा या धंद्यातला पहिला प्रश्न असतो.

रेडमेनचा रस्ता थोडा वेगळा. तो केंब्रिजच्या ट्रिनिटीत कलेचा इतिहास शिकत होता आणि नाट्यशाळेत कधी गेलाच नाही. विद्यार्थी असतानाच 2002 मध्ये ग्लोब या नाटक कंपनीच्या, शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये त्यानं व्हायोला ही नायिका केली. सगळी पात्रं पुरुषांनीच करायची होती, ऑलिव्हिया होता मार्क रायलन्स, आणि प्रयोग झाले मिडल टेंपल हॉलमध्ये, जिथे 1602 मध्ये हेच नाटक झालं होतं. 2004 मध्ये अल्मेडा नाट्यगृहात जोनाथन प्राइसबरोबर काम, आणि सिनेमे त्यानंतर.

आता कॅमेरा. नाटकातून आलेल्याची गाडी अडते ती बहुतेकदा सेल्फ टेपवर, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनवर, कारण आज पहिली फेरी तीच असते. मोबाइल आडवा, मागे साधी राखाडी किंवा निळसर भिंत, प्रकाश समोरून, फ्रेम छातीपासून वर. समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा लेन्सच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्याच उंचीवर बसलेला हवा. तो बाजूला फूटभर सरकला तरी नटाचा चेहरा अर्धा दिसतो. वाचणाऱ्यानं हळू आवाजात वाचायचं, कारण माइकजवळ तोच असतो आणि त्याचाच आवाज मोठा येतो. सुरुवातीला किंवा शेवटी नाव, उंची, एजंट. वेशभूषा नको, सामान नको. रंगमंचावरून आलेला पहिल्या टेकला खोलीतल्या शेवटच्या भिंतीला ऐकू जाईल असं बोलतो, भुवया वर जातात, प्रत्येक वाक्याआधी दम घेतलेला ऐकू येतो. उपाय असा की समोरचा माणूस जितक्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतरासाठी बोलायचं. नुसतं "कमी कर" म्हटलं तर नट आवाजाबरोबर विचारही कमी करतो, आणि टेप मेलेली दिसते.

सेटवर गेल्यावर आणखी तीन गोष्टी. जमिनीवर चिकटपट्टीचा मार्क असतो, तिथे खाली न बघता थांबायचं, नाहीतर फोकस जातो. आधी उलटं चालून पावलं मोजून ठेवतात. दुसरी, कंटिन्युइटी: मोठ्या शॉटमध्ये ज्या शब्दावर पेला उचललात त्याच शब्दावर क्लोजअपमध्येही उचलायचा. मोठ्या शॉटमध्ये उत्साहानं पाच गोष्टी करणाऱ्याला त्या पाचही दिवसभर पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, आणि एक चुकली की संकलक त्याचा क्लोजअप टाकून देतो. तिसरी, क्रम. नाटकात भूमिका पहिल्या अंकापासून चढत जाते. सिनेमात लोकेशन मिळेल तसं शूटिंग होतं, सकाळी शेवट आणि दुपारी सुरुवात.

2014 च्या 'द थिअरी ऑफ एव्हरीथिंग'साठी रेडमेननं यावर काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे. स्टीफन हॉकिंग यांचा आजार वाढत जातो, चित्रीकरण मात्र उलटसुलट. त्यानं त्याच आजाराच्या, म्हणजे स्नायू निकामी करणाऱ्या मोटर न्यूरॉनच्या, रुग्णांना भेटून, हालचालींच्या मार्गदर्शकाबरोबर काही महिने काम करून एक तक्ताच तयार केला: कुठल्या प्रसंगात कोणते स्नायू गेलेले, आवाज किती उरलेला, खुर्ची कोणती. सकाळी काठी आणि दुपारी चाकाची खुर्ची असं असलं तरी तक्ता बघून तो बरोबर त्या टप्प्यावर येऊ शकत होता. 2015 चं ऑस्कर त्याला याच भूमिकेसाठी मिळालं. पात्राचा आलेख कागदावर मांडायची सवय पूर्ण नाटक डोक्यात ठेवणाऱ्या नटाला सोपी जाते. नाटकवाल्यांची सिनेमात काही मिजास असलीच तर ती इथे शोभते.

हिडलस्टननं कॅमेऱ्याची सवय लहान सिनेमात करून घेतली. 'अनरिलेटेड' हा दिग्दर्शिका जोआना हॉगचा पहिलाच चित्रपट, मोजकं बजेट, टस्कनीतलं एक घर. नंतर 2010 च्या 'आर्किपेलागो'तही तो होता. असे सिनेमे पैसे देत नाहीत, पण नट रोज सेटवर असतो. मोठ्या चित्रपटात दोन दिवसांचं काम करणाऱ्याला तेवढा सराव वर्षभरात मिळत नाही.

पुण्या-मुंबईहून मास्टर्ससाठी तिकडे जाणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायला मनाई असते. सवलत आहे ती अभिनयाच्या अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या कामापुरती. एडीसीसारख्या ठिकाणी हौशी नाटकात उतरायला पैशांचा प्रश्न येत नाही. पण तिथे पाहून एखाद्या एजंटनं जाहिरात किंवा मालिकेचं पगारी काम देऊ केलं, तर होकार देण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाला लेखी विचारायचं आणि त्यांचं उत्तर जपून ठेवायचं.