दगड कोणी मारला?

इंडियानाकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, आमच्या क्लिनिकमध्ये पडलेलं नाव. कोथरूडच्या कमिन्समध्ये इंजिनिअर. मधली काही वर्षं त्यांनी कंपनीच्या मुख्यालयी, म्हणजे अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस नावाच्या गावी काढलेली. तिथून इंडियानापोलिस गाडीने तासाभरावर. पुणेकर तिकडे गेला आणि पेसर्सचा, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल संघाचा झाला. परत येताना बाकी सगळं तिथे विकून आले, हा नाद तेवढा सोबत आणला. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल साखळीत, पेसर्सने एकही विजेतेपद जिंकलेलं नाही असं कुणी म्हणालं, की "एबीएमध्ये तीन आहेत. सत्तर, बाहत्तर आणि त्र्याहत्तर," हे उत्तर तयार. (एबीए ही जुनी साखळी.) तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता.

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक सहकारनगरमध्ये, सकाळी सहाला उघडतं. जून 2025 मध्ये इंडियानाकर माझे पेशंट होते. वय सेहेचाळीस. रविवारी सोसायटीच्या कोर्टवर पोरांबरोबर खेळताना डाव्या पोटरीत चमक आली होती. सोनोग्राफीत आतल्या बाजूचा स्नायू थोडा फाटलेला. मी सहा आठवडे उडी मारायची नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या आठवड्यापासून घासाघीस सुरू केली.

त्या घासाघिशीला भर घातली पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनने. पेसर्स त्या वर्षी अंतिम फेरीत. सुरुवातीला दहा जिंकलेले, पंधरा हरलेले, तिथपासून इथवर आलेले. समोर ओक्लाहोमा सिटी थंडर, साखळीत 68 सामने जिंकलेला संघ. अंतिम फेरीचा पहिलाच सामना हॅलिबर्टनने तीनदशांश सेकंद उरलेलं असताना बास्केट मारून 111-110 असा काढला, तेव्हा इंडियानाकर क्लिनिकमध्ये पेढे घेऊन आले होते. मग पाचव्या सामन्यात हॅलिबर्टनची पोटरी दुखावली. तीच तक्रार, तोच स्नायूंचा गट. तरी तो सहावा सामना खेळला, संघाने तो 108-91 असा मारला आणि मालिका तीन-तीन झाली.

"मॅडम, तो खेळतोय. मी का नाही?"

"त्याच्यामागे डॉक्टरांची फौज आहे आणि तो पंचवीस वर्षांचा आहे. तुमच्यामागे मी एकटी."

सातवा सामना आपल्याकडे सोमवारी, 23 जूनला पहाटे साडेपाचला. घरी सगळे झोपलेले असतात, ओरडता येत नाही, तुमच्याकडे बसतो, असा हट्ट त्यांनी धरला. शनिवार-रविवार मी विद्यार्थ्यांना घेऊन वारकऱ्यांच्या पायांची सेवा करून आले होते. रविवारी पालख्या पुढे गेल्या, आणि दोन दिवस पोटऱ्या चोळून माझ्याच मनगटांना शेक हवा होता. तरी क्लिनिक उघडलं. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, पण सामना नाही, त्याची पोटरी.

सव्वापाचला हे हजर. पाठोपाठ आणखी दोघे. एक गुडघ्याचं एसीएलचं ऑपरेशन झालेला कॉलेजचा पोरगा, थंडरवाला. (गेल्या वर्षी तो बोस्टनवाला होता. जो जिंकतो त्याचा तो.) दुसरे खांद्याचे पेशंट, बँकेत नोकरीला, कोबी ब्रायंटच्या काळातले लेकर्सवाले, ज्यांच्या मते 2016 नंतर बास्केटबॉल संपलं. इंडियानाकरांचा मोबाइल शेकाच्या मशीनला टेकवून उभा केला. पोरगा पेडल मारतोय, बँकवाले दोरी ओढतायत, इंडियानाकर पालथे पडून मान वर काढून बघतायत, असा आमचा प्रेक्षकवर्ग.

हॅलिबर्टन तुफान खेळत होता. सात मिनिटांत तीन थ्री, म्हणजे लांबून मारलेली तीन-तीन गुणांची बास्केट, नऊ गुण. इंडियानाकरांचा पाय माझ्या हातात होता आणि प्रत्येक बास्केटला पोटरी दगडासारखी ताठ व्हायची. दोनदा ओरडले मी.

मग तो पडला. कुणी ढकललं नाही, कुणाच्या पायावर पाय पडला नाही. बॉल घेऊन पुढे झेपावला आणि कोसळला. पालथा पडून हाताने जमीन बडवायला लागला.

"घसरला," पोरगा म्हणाला.

मी काही बोलले नाही. रिप्ले आला. सावकाश फिरवलेल्या चित्रात मागचा पाय जमिनीवर रोवलेला, गुडघा सरळ, टाच खाली जातेय, आणि पोटरीवरून एक लाट वर सरकली. ताणून बांधलेली दोरी तुटल्यावर तंबूचं कापड थरथरतं तशी. मी इंडियानाकरांचा पाय खाली ठेवला.

"गेला," मी म्हटलं. "ॲकिलीस."

टाचेच्या मागे बोटांच्या चिमटीत धरता येते ती जाड शीर म्हणजे ॲकिलीस टेंडन. पोटरीचे स्नायू तिच्यातूनच टाचेला ओढतात. शरीरातली सगळ्यात मजबूत शीर, आणि तुटते ती अशीच, कुणी हात न लावता.

खोलीत मिनिटभर कुणी बोललं नाही. मग जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. बँकवाले म्हणाले, खेळवायलाच नको होतं. इंडियानाकर म्हणाले, सातवा सामना सोडून कोण बसेल? पोराने केविन ड्युरंट काढला. 2019 मध्ये पोटरी दुखावली, महिनाभर बाहेर बसला, अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात आला आणि बारा मिनिटांत ॲकिलीस तुटली. त्यावर बँकवाल्यांनी अपेक्षेप्रमाणे कोबीला आणलं. 2013 चा एप्रिल, वॉरियर्सविरुद्ध तुटली, तुटलेल्या पायावर उभं राहून दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मगच आत गेला. "तो माणूस वेगळा होता," असं म्हणून त्यांनी दोरी सोडून दिली. या मोसमात लिलार्डची तुटली, टेटमची तुटली, आता याची. पोराने तीन बोटं दाखवली.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पोटरीची दुखापत आणि ॲकिलीस हे एकाच दोरीचे दोन भाग. पण एकामुळे दुसरं झालंच, असं छातीठोक मी सांगणार नाही. हे उत्तर कुणालाच आवडलं नाही. चाहत्यांना दोषी माणूस लागतो.

सव्वासहाला काका-काकू आले. काकूंचे गुडघे झिजलेले, सोमवार-बुधवार-शुक्रवार यायच्या. काका सदुसष्टचे, सेवानिवृत्त, सोबत म्हणून येणारे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून 'सकाळ' वाचायचे आणि निघताना माझ्या नोटीस बोर्डावरचं शुद्धलेखन दुरुस्त करायचे. त्या दिवशी पेपर उघडलाच नाही. पोरगा त्यांना रिप्ले दाखवायला गेला आणि शिकवलेलं सगळं घडाघडा बोलून मोकळा झाला.

"काका, यात पेशंटला काय वाटतं माहितीये? मागून कुणीतरी दगड मारला. तो वळून बघतो तर मागे कुणीच नसतं. बरोबर ना मॅडम?"

"बरोबर. बहुतेकांना असंच वाटतं. कधी फट् असा आवाजही येतो."

काकांनी चष्मा काढला. धोतराने पुसायची त्यांची सवय, पण त्या दिवशी पँट होती, तर नुसताच हातात धरून बसले.

"कुणीच नसतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नसतं."

"म्हणजे तो पोरगा उगाच शिव्या खाऊन गेला."

काकूंनी बेडवरून मान वळवली. "कोण पोरगा?"

मग निघालं. काका रोज पहाटे पर्वती चढणारे. एकशे तीन पायऱ्या, पंधरा वर्षं. तीन आठवड्यांपूर्वी अर्ध्यावर पोचले असताना उजव्या टाचेमागे फाडकन बसलं. वळून पाहिलं तर चार पायऱ्या खाली कानात वायर घातलेला एक मुलगा. काकांनी त्याची आईवडील, शाळा आणि संस्कार यांसह हजेरी घेतली. तो बिचारा सॉरी म्हणून पुढे गेला. घरी आल्यावर, पाऊस यंदा मेमध्येच सुरू झालाय, पायरीवर शेवाळ होतं, पाय मुरगळला, असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर पर्वती बंद झाली असती. पाय काळानिळा पडला, रात्री मोजा घालून झोपले, सकाळी गुपचूप तेल लावलं.

"तीन आठवडे?" काकू उठून बसल्या. "अहो, तीन आठवडे?"

तीन आठवडे हा माझाही हिशेब होता. आठवड्यातून तीनदा म्हणजे नऊ वेळा हा माणूस माझ्या दारातून लंगडत आत आला, आणि मी काकूंचे गुडघे बघत होते. एकदा तर त्यांच्या चालण्याकडे बघून म्हटलंही होतं, "काका, चपला बदला आता." पैसे न घेता दिलेला सल्ला तसाच होता.

त्यांना पालथं झोपवलं, पावलं बेडच्या कडेबाहेर. ही तपासणी इतकी सोपी आहे की लाज वाटावी. आधी डावी पोटरी दोन्ही बाजूंनी दाबली. पाऊल आपसूक खाली गेलं, जसं जायला हवं. मग उजवी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. पाऊल लोंबकळत राहिलं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. टाचेपासून चार-पाच सेंटिमीटर वर बोट फिरवलं तर एक मऊ खळगा लागला, भरत आलेला, पण होता. मागे तिघे पेशंट एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते. मोबाइलवर सामना चालू होता आणि अर्ध्या खेळाला पेसर्स एका गुणाने पुढे होते. बघत कुणीच नव्हतं.

"मग मी चालत कसा होतो?" काकांनी उशीत तोंड ठेवूनच विचारलं.

अगदी योग्य प्रश्न. पाऊल खाली दाबायला आणखीही लहान स्नायू असतात. ते कसंबसं रेटतात, म्हणूनच हे दुखणं निसटतं. दुखतंही फार नाही. पण एका पायावर उभं राहून टाच उचला म्हटलं की उचलता येत नाही. काकांनी करून पाहिलं. चेहरा लाल झाला, टाच हलली नाही.

एक गोष्ट मला खटकत होती. पायऱ्या चढताना, न पळता, न उडी मारता का तुटावी? औषधं विचारली. मेच्या अखेरीस लघवीचा जंतुसंसर्ग झालेला, लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स घेतलेला. या जातीच्या अँटिबायोटिक्सनी अशा शिरा, म्हणजे टेंडन, कमकुवत होऊ शकतात, आणि साठीच्या पुढे धोका जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये पाकिटावर ठळक चौकटीत हा इशारा छापायला लावला होता. औषध चुकीचं नव्हतं, संसर्ग बरा झालाच. पण टाच दुखली तर सांगा, एवढं वाक्य काकांपर्यंत पोचलं नव्हतं, किंवा पोचलं असेल आणि त्यांनी पर्वतीसाठी गिळलं असेल.

इंडियानाकरांनीच गाडी काढली. सामन्याचा तिसरा क्वार्टर चालू होता आणि पेसर्स घसरत होते. मोबाइल खिशात घालून ते काकांना हाताला धरून जिना उतरवत होते. स्वतःची पोटरी फाटलेली आहे हे विसरून दोन पायऱ्या एकदम उतरले, तेव्हा मी वरून पुन्हा ओरडले. सामना 103-91 असा थंडरने जिंकला, शे गिल्जस-अलेक्झांडरचे 29 गुण आणि 12 असिस्ट, हे आम्हाला पोराने सांगितलं. तोही फार मोठ्याने नाही.

सोनोग्राफीत शीर पूर्ण तुटलेली दिसली, पण पाऊल खाली ताणल्यावर दोन्ही टोकं जवळ येत होती. सर्जननी वय आणि बाकी सगळं बघून ऑपरेशन टाळलं. गुडघ्याखालपर्यंतचा बूट, आत टाचेखाली पाचरी. दर काही दिवसांनी एक पाचर काढायची, म्हणजे टाच हळूहळू जमिनीवर येते. हॅलिबर्टनचं ऑपरेशन त्याच सोमवारी तिकडे झालं. आपल्या काकांना सोनोग्राफीपर्यंत पोचायला तीन आठवडे लागले, आणि त्यातले नऊ दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यानंतर क्लिनिकमध्ये कुणी सोबत म्हणून जरी आलं, तरी मी आधी त्यांची चाल बघते. लोकांना ते विचित्र वाटतं.

जुलैत बातमी आली की हॅलिबर्टन पुढचा अख्खा मोसम खेळणार नाही. इंडियानाकर पडेल चेहऱ्याने शेक घेत होते. काका बूट पुढे करून कोपऱ्यात बसलेले. शेजारी काकू, ज्यांनी आता पर्वतीचं नाव काढायलाही बंदी घातली होती.

"अहो इंडियानाकर," काकांनी पेपर खाली केला. "तुमच्या पोराच्या किती पाचरी काढल्या?"

"त्याचं ऑपरेशन झालंय काका. त्याला तसल्या पाचरी असतीलच असं नाही."

"असतील हो. विचारा जरा."

"आधी तुमची एक काढू द्या त्यांना," काकू म्हणाल्या, आणि काकांचा पाय उचलून माझ्यासमोर स्टुलावर ठेवला.