जानेवारीतले कोंब

नेदरलँड्समध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्यूलिप, डॅफोडिल आणि हायसिंथचे कंद कुंडीत दहा-पंधरा सेंटिमीटर खोल पुरून ठेवायचे आणि मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा विचार करायचा नाही, अशी इथली रीत आहे. मात्र डिसेंबर उबदार गेला की जानेवारीच्या सुरुवातीलाच ओल्या काळ्या मातीतून हिरवी टोके वर आलेली दिसतात, आणि लायडनमधल्या आमच्या इमारतीत ज्यांच्या ज्यांच्या गॅलरीत कुंड्या आहेत त्या सगळ्यांच्या बोलण्यात एकच काळजी असते, की पुढे खरा गारठा आला म्हणजे यांचे काय होणार. मी तशा कोंबांचा फोटो नागपूरला पाठवला तेव्हा आईचाही तोच प्रश्न आला. ‘काहून गं, इतक्यातच कसे निघाले हे? थंडीने मरतील ना! आत घे त्यांना.’

आईने दिलेला सल्ला मायेचा आहे, पण या झाडांच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे, आणि तो का उलटा आहे हे समजून घेण्यासारखे आहे.

आपण कंद विकत आणतो तेव्हा त्यातले फूल आधीच तयार झालेले असते. शरद ऋतूत ट्यूलिपचा कंद उभा चिरून पाहिला तर पांढऱ्या जाड पापुद्र्यांच्या मधोमध इवलीशी पाने, पाकळ्या आणि पुंकेसर स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यात कंद कोरडा पडून असताना हे सारे आत घडते. राहिलेले असते ते फक्त दांडा लांबून फूल वर येणे, आणि त्यासाठी कंदाला दीर्घ थंडी लागते. ट्यूलिपला साधारणपणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली 12 ते 16 आठवडे काढावे लागतात. त्या काळात आतल्या पिष्टाची हळूहळू साखर होते आणि दांडा वाढण्याची तयारी होते. ही थंडी पुरी झाली नाही तर पाने येतात, पण फूल पानांतच बुटके राहते किंवा कळी आतल्या आत सुकते.

काटोलकडे मोठ्या काकांची संत्र्याची बाग आहे. त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देणे आणि थंडीत झाडाची वाढ थांबू देणे, हे त्यांचे दरवर्षीचेच काम आहे. ‘पोरी, झाडाले ताण बसला पाहिजे, मंग बहार चांगला फुटते,’ एवढेच ते म्हणाले. ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला की काटोल-वरूडच्या बागायतदाराची झोप उडते, कारण ताण मोडला तर बहार विस्कटतो. ट्यूलिपच्या कुंडीवर माया करून ती उबदार घरात आणणे म्हणजे तो ताण आपल्याच हाताने मोडणे होय.

मग उबदार डिसेंबराने तो ताण मोडत नाही का, असे कोणी विचारील. इथे हिवाळा सौम्य झाला आहे याची सर्वांत ठळक खूण म्हणजे फ्रीसलंड प्रांतातल्या अकरा गावांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची स्केटिंगची शर्यत. तिच्यासाठी गोठलेल्या कालव्यांवर किमान 15 सेंटिमीटर जाडीचा बर्फ लागतो, आणि 4 जानेवारी 1997 नंतर ती शर्यत एकदाही होऊ शकलेली नाही. पण कंदाची गरज वेगळी आहे. त्याला बर्फ नको, त्याला सलग गारवा हवा. पाच-सहा अंशांचा जो दिवस इथल्या लोकांना हिवाळा हरवल्यासारखा वाटतो, तो ट्यूलिपच्या हिशेबात पूर्ण थंडीचाच दिवस असतो. म्हणून कोंब लवकर वर आले तरी बहुतेक वेळा फूल आपल्या वेळेच्या फार आधी येत नाही. पान पुढे सरकते आणि थांबते, आणि कळी कितीतरी दिवस खालीच राहते.

कोंब जवळून पाहिले की कोणाची काळजी करायची आणि कोणाची नाही, हे लगेच कळते. ट्यूलिपचे टोक एकाच रुंद पानाची घट्ट गुंडाळी असते आणि तिच्या कडेला तांबूस-जांभळी झाक असते. डॅफोडिलची बोथट, चपटी, राखाडी-हिरवी पाने जोडीने येतात. क्रोकस या छोट्या कंदफुलाची सुईसारखी बारीक पाने पांढऱ्या वेष्टनातून निघतात आणि प्रत्येक पानाच्या मधोमध एक पांढरी रेघ असते. निळ्या द्राक्षघडासारखी फुले येणाऱ्या मस्कारीची पाने तर शरद ऋतूतच वर येतात, तो त्यांचा स्वभावच आहे. या सगळ्यांना खुशाल राहू द्यावे. हायसिंथचे मात्र नीट वाकून पाहावे: जाड पाने फाकून त्यांच्या तळाशी दाण्यादाण्यांची हिरवी कळी दिसू लागली असेल, तर कडक गारठ्याच्या रात्री त्या कुंडीवर बागेच्या दुकानात मिळणारे पांढरे झिरझिरीत कापड टाकावे आणि सकाळी काढावे.

पानांचे म्हणाल तर शून्याखालच्या रात्रीनंतर सकाळी डॅफोडिलची पाने काचेसारखी गडद होऊन मातीवर आडवी पडलेली असतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मेलीच असे वाटते. प्रत्यक्षात पेशींमधले पाणी बाहेरच्या पोकळीत सरकून तिथे गोठलेले असते आणि पेशींत उरलेल्या साखरेमुळे आतला भाग वाचतो. ऊन आले, बर्फ विरघळला, की दुपारपर्यंत तीच पाने पुन्हा ताठ उभी राहतात. टोके पिवळी पडली तरी फुलाला त्याने बाधा येत नाही. फक्त पाने गोठलेली असताना त्यांना हात लावू नये, कारण तेव्हा ती मोडतात.

कुंडीत खरा धोका वरच्या हिरव्या टोकाला नसून खालच्या मुळांना असतो. जमिनीतल्या कंदाभोवती चारही बाजूंनी माती असते. कुंडीला बाजूंनीही थंडी लागते आणि दुपारच्या उन्हाने ती तापतेही लवकर, म्हणूनच कुंडीतले कोंब जमिनीतल्यांच्या आधी निघतात. तेव्हा लवकर उगवलेल्या कुंड्या दक्षिणेच्या उन्हातून काढून सावलीत ठेवाव्यात. आठवडाभर शून्याखालचा अंदाज असेल तर सगळ्या कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि बाहेरून गोणपाट किंवा बबल रॅप गुंडाळावे. मातीच्या कुंडीत पाणी साचून गोठले की ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि कुंडी तडकते. त्याहूनही वाईट म्हणजे साचलेल्या पाण्यात कंद सडतो. माझ्या मते इथल्या हिवाळ्यात थंडीपेक्षा पाण्याने जास्त कंद जातात, त्यामुळे कुंडीखाली विटेचे तुकडे ठेवून तळाचे भोक मोकळे राखणे हे पांघरूण घालण्यापेक्षा महत्त्वाचे काम आहे.

हे वाचून नागपुरात गच्चीवर ट्यूलिप लावावे असे काहींच्या मनात येईल, आणि यावेच. नागपूरच्या जानेवारीत काही रात्री पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी ऊन चांगलेच तापते, त्यामुळे तेवढ्या थंडीवर ट्यूलिप फुलत नाही. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत जे ट्यूलिप दिसतात, त्यांचे कंद आधीच थंडी देऊन मागवलेले असतात. घरी हेच करायचे तर सप्टेंबरच्या शेवटी कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात 12 ते 14 आठवडे ठेवावे आणि डिसेंबरच्या अखेरीस कुंडीत लावावे. त्या कप्प्यात सफरचंद किंवा केळी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. पिशवीवर ठळक अक्षरांत नावही लिहावे. विशेषतः डॅफोडिलचे कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि ते विषारी असतात, त्यामुळे स्वयंपाकघरात ही खबरदारी सोडू नये.

फूल येईल, पण नागपुरात फेब्रुवारीत पारा तिशी ओलांडतो आणि ते लवकर उमलून लवकर गळेल. पुढच्या वर्षी त्याच कंदाला फूल येण्याची आशाही ठेवू नये. लायडनमध्ये फूल गेल्यावर पाने सहा-एक आठवडे गार हवेत हिरवी राहतात आणि त्या काळात नवा कंद भरतो. नागपुरात ती पाने मार्चच्या उन्हात त्याआधीच करपतात. दरवर्षी त्याच कुंडीतून फूल हवे असेल, तर मे महिन्याच्या सुमारास लाल गोळा फुलवणारी फुटबॉल लिली लावावी. तिचा कंद हिवाळाभर कोरड्या मातीत विश्रांती घेतो, आणि त्या दिवसांत त्या कुंडीला पाणी घालायचे नसते.