जुन्या वस्तूंतून घर: बैठकीची खोली कुठवर आली

या खोलीत कोरं असं काही असेल तर भिंतींचा रंग आणि दिव्याची वायर. बाकी सगळं कुणाच्या तरी घरातून निघालेलं आणि जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलेलं. मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलंय. खुर्ची तयार झाली, आरसा भिंतीवर चढला, खणांचं कपाट अर्ध्यावर आहे आणि दिवा पेटतोय.

आधी खुर्चीबद्दल, कारण तिच्यावर माझा जीव जडलाय. वाफेवर वाकवलेलं लाकूड, पाठीला गोल कमान, वेताची बैठक. व्हिएन्नात मिखाएल टोनेट या फर्निचर बनवणाऱ्याने १८५९ मध्ये जी १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली, तिच्या वळणाची. ती मूळ खुर्ची लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यावर उभी राहायची. माझ्या खुर्चीवर कुठल्याच कारखान्याचा शिक्का नाही, पण बांधणी त्याच जातीची आहे: पायही स्क्रूने जोडलेले. त्यामुळे दुकानात ती डुगडुगत होती तरी मला काळजी वाटली नाही. स्क्रू आवळले आणि डुगडुग थांबली. चिरलेला पाय असता तर मात्र मी हात लावला नसता.

बैठक मधोमध खोलगट झाली होती, पण वेताची वीण कुठेही तुटलेली नव्हती. अशा वेळी नवीन विणायची गरज नसते. वेताच्या वरच्या अंगाला गुळगुळीत साल असते, त्यातून पाणी मुरत नाही. खालची बाजू सच्छिद्र असते. म्हणून खुर्ची उलटी करून गरम पाण्यात भिजवलेला कपडा खालच्या बाजूने ठेवायचा, वेत चांगला ओला होऊ द्यायचा आणि मग पूर्ण सुकेपर्यंत कुणालाही बसू द्यायचं नाही. सुकताना वेत आकसतो आणि बैठक ताणली जाते. आता बोटाने टिचकी मारली की छान टणक आवाज येतो!

कपाटाचं काम मोठं आहे. निवडताना मी दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी बघते. आधी खण पूर्ण बाहेर ओढायचा आणि कोपरे बघायचे. डव्हटेल सांधे असतील, म्हणजे दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले असतील, तर ती वस्तू दुरुस्त होते. नुसत्या पिना मारलेला पार्टिकल बोर्ड असेल आणि त्याच्या कडा पाण्याने फुगलेल्या असतील, तर तो पुन्हा बसत नाही. कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. स्क्रूही बोलतात. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आले. माझ्या कपाटाच्या अंगात सगळे एका खाचेचे आहेत आणि फक्त बिजागऱ्यांना अधिक चिन्हाचे, म्हणजे बिजागऱ्या मागाहून बदलल्यात. लाकडावर बारीक भोकं होती. काळा कागद खाली धरून ठोकून पाहिलं. ताजा पिठासारखा भुसा पडला असता तर आत कीड जिवंत आहे असं समजून घरात आणलंच नसतं. काही पडलं नाही.

पॉलिश कसलं आहे ते ठरवायला मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला. लगेच चिकट झालं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नसतं पण थिनरने विरघळलं असतं, तर लॅकर. लाख निघाल्याचा फार आनंद झाला, कारण लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून त्याच्याशी एकजीव होतो. लाकूड उघडं पडेपर्यंत घासत बसावं लागत नाही. नुसतं धुऊन, हलका पॉलिश पेपर फिरवून, पातळ हात देत चाललेय. जुन्या सागवानी किंवा शिसवी कपाटांना सरसकट पांढरा रंग फासतात, ते मला अजिबात पटत नाही. रंग लावायचा तर सनमायक्याला लावा, प्रायमर मारून.

एका खणाचा सांधा सुटलाय. मूळचा जोड सरसाचा आहे. तो गरम पाण्याने सैल होतो, म्हणून सांधा न मोडता उघडता येतो. पण मध्ये कुणीतरी त्यावर पांढरा गोंद ओतलाय आणि त्याच्यावर नवा गोंद धरत नाही. कोमट व्हिनेगरने तो मऊ करून खरवडणं चालू आहे. वेळखाऊ आहे, पण दुसरा चांगला उपाय मला माहीत नाही.

आरशाच्या कडांना काळे डाग आहेत. मागच्या चांदीच्या थरापर्यंत ओल पोचली की असं होतं, पुढून कितीही पुसा, जात नाहीत. मला ते आवडतात. खिडकीसमोर लावल्यापासून खोलीत उजेड दुप्पट वाटतो.

दिव्याला लोहचुंबक चिकटलं नाही, बुडाशी किंचित खरवडल्यावर आतूनही पिवळाच निघाला, म्हणजे पितळ भरीव. लिंबू-मीठ बिनधास्त चाललं. चुंबक चिकटलं असतं, म्हणजे आत लोखंड असतं, तर लिंबू-मिठाने वरचा पितळी मुलामा निघून गेला असता, तिथे साबणाचं पाणीच बरं. वायर मात्र वरून चांगली दिसत असली तरी बदलाच. जुन्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं.

दोन गोष्टी मी मुद्दाम आणल्या नाहीत. एक, गादीचा सोफा, कारण शिवणीतले ढेकूण दुकानात दिसतीलच असं नाही. पडदे, अभ्रे चालतात, ६० अंश गरम पाण्यात धुता येतात. दुसरी, रंगाचे पोपडे सुटलेली चौकट. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते.

एवढ्या वेगवेगळ्या घरांतल्या वस्तू एकत्र नांदतात, त्याचं कारण पिशवीतली चिठ्ठी: प्रत्येक रिकाम्या जागेचं माप, लाकडाची छटा तांबूस, धातू फक्त पितळ. त्यात न बसणारी सुंदर वस्तूही मी दुकानातच ठेवते.

पुढे खणांच्या कडांना मेण चोळायचंय, म्हणजे ते अडकणार नाहीत. एक पितळी मूठ हरवलेली आहे. तशीच मिळेपर्यंत सगळ्यात खालच्या खणाला साधी लाकडी गुंडी लावणार आहे, त्याच भोकात बसणारी, म्हणजे नवीन भोक पाडावं लागणार नाही. कुणाकडे गोल पाठीची, दोन स्क्रूंमध्ये ६४ मिलिमीटर अंतर असलेली मूठ असेल तर सांगा.