तुम्ही विचारलंत म्हणून: शेरडांना युरियाचं भुसकट

निपाणीच्या बाजारात ओळखीचा शेरडंवाला भेटला की एकच विचारतो, "युरिया घातलेलं भुसकट खाऊन तुमची शेरडं मरत नाहीत काय हो?" सुरुवातीला आईनंही हटकलं होतं, "शेरडाला खत चारतोस व्हय रं?"

मरत नाहीत. पण युरिया भुरभुरून तसंच पुढ्यात टाकलं तर मरतील. ते मुरवावं लागतं. सोयाबीनच्या 50 किलो भुसकटाला मी 2 किलो युरिया घेतो, 30 लिटर पाण्यात पुरता विरघळवतो, थरावर थर देत शिंपडतो, तुडवतो आणि प्लास्टिकच्या कागदाखाली 21 दिवस बंद ठेवतो. आत युरियाचा अमोनिया होतो. त्यानं काड्या मऊ पडतात, आणि पोटातल्या जिवाणूंना प्रथिनं करायला नत्र मिळतं. युरियाच्या पाण्याची बादली मात्र लगेच धुऊन पालथी घालायची. तहानलेलं शेरडू कशातही तोंड घालतं.

पहिल्या खेपेला उंदरानं कागदाला पाडलेलं भोक मला दिसलंच नाही. उघडलं तर एका कोपऱ्यात पांढरी बुरशी, कुबट वास. तेवढं उकिरड्यावर गेलं. बाकीचं तांबूस झालेलं, वासानं डोळ्यांत पाणी आलं. तसाच वास यायला हवा. दोन तास पसरून तो उडवला, तरी काळ्या शेळीनं हुंगलं, शिंकली आणि पाठ फिरवून उभी राहिली. थोडा मक्याचा भरडा नि गुळाचं पाणी शिंपडून रोज मूठ-मूठ वाढवत गेलो, तेव्हा कुठं आठवड्यानं खायला लागली.

तरी हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. शेरडू म्हणजे म्हैस नव्हे, ते निवडून खातं. घरात तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट नाहीतर भुईमुगाचा पाला असेल तर युरियाचे पैसे कशाला घालवायचे? ते शेरडं तशीच फस्त करतात. उन्हाळ्यात बांधावर हिरवं उरत नाही आणि सोयाबीनच्या जाड काड्याच राहतात, तेव्हाच मी हा खटाटोप करतो. सहा महिन्यांच्या आतल्या करडांना तर अजिबात घालत नाही. त्यांचं पोट हे पचवायला तयार नसतं.

आई अजून त्या कागदाकडं बघून नाक मुरडते आणि शेवरीचा डहाळा मोडून आणते. ती दारात दिसली की शेरडं माझी पाटी सोडून तिच्याकडं बघून ओरडतात.